कितव्या पंगतीला बसला होता?

आमच्या थोरल्या साडूंइतके प्रश्न या जिल्ह्यात आजवर कुणीही विचारले नसतील. पोलिसांनी नाही, वकिलांनी नाही आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी तर नाहीच नाही. बाकीची माणसं जन्माला येतात ती काहीबाही खाण्यासाठी, आणि साडू जन्माला आले ते त्यांनी काय खाल्लं, कधी खाल्लं आणि शेजारी कोण बसलं होतं हे लिहून घेण्यासाठी, अशी माझी पक्की समजूत आहे. नोकरी आरोग्य खात्यात, हुद्दा पर्यवेक्षकाचा. जेवणातून किंवा पाण्यातून एखाद्या गावात पोटाची साथ आली की डॉक्टर सलाईन लावायला जायचे आणि साडू फॉर्म घेऊन दारोदार फिरायचे. माझं कळंब्याच्या रस्त्याला टायपिंग आणि झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे, आणि माझी बायको ही त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. या दोन गोष्टींमुळे माझ्या आयुष्याची बरीच वर्षं त्यांचा तो एकच फॉर्म पुन्हा पुन्हा टाईप करण्यात गेली. दुकान टाकल्याचा मला कधी कधी पस्तावा होतो. दुसऱ्या गोष्टीबद्दल काही लिहिता येत नाही, कारण हे आमच्या घरातच पहिल्यांदा वाचलं जाणार आहे.

त्यांच्यापुढं 'पोट जरा बिघडलंय' एवढं म्हणायची खोटी, की खिशातून घडी घातलेला फॉर्म निघालाच. 'कधीपासून?' 'सकाळपासून.' 'सकाळ म्हणजे? दूध यायच्या आधी की नंतर?' मेव्हण्याच्या मुलाचं जावळ होतं तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सासरेबुवांचं पोट बिघडलं. वय झालेलं, त्यात श्रीखंडावर ताव मारलेला. दुसऱ्या कुणी ओवा चावायला देऊन विषय मिटवला असता. साडूंनी मागच्या खोलीत खुर्ची मांडली आणि घरातल्या एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. सासूबाई तर पार खट्टू झाल्या. 'जावईबापू, श्रीखंड मी केल्यालं हाय. चक्का माझ्या हातानं बांधलाय. माझ्यावर संशय असंल तर सरळ तोंडावर म्हणा की,' त्या म्हणाल्या. साडूंनी मान वर केली नाही. 'आई, आधी तुमचं पूर्ण नाव सांगा. फॉर्मात पहिलं तेच हाय.' सव्वीस वर्षं जावई असलेला माणूस आपलं नाव विचारतो याचं त्या माउलीला इतकं वाईट वाटलं की तिनं ते सांगितलं आणि डोळ्याला पदर लावला.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, 'भाऊ, मी ठणठणीत आहे. मला कशाला?' तर ते म्हणाले, 'म्हणूनच तुम्हाला.' आणि पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं की आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणि सासरेबुवा जयसिंगपूरच्या स्टँडवर एकेक प्लेट भेळ खाऊन आलो होतो. घरात पन्नास माणसांचा स्वयंपाक झालेला असताना बाहेर भेळ खाल्ली, याबद्दल माझ्या बायकोनं मला अजून माफ केलेलं नाही. सगळ्यांनी भेळेच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली, तेव्हा साडूंनी हात वर केला. 'भेळ यांनीही खाल्ली. यांना काही झालं नाही. मग भेळवाल्यावर आत्ताच आळ घेता येत नाही.' त्यांनी कागदावर 'कारण सिद्ध नाही' असं लिहिलं, सही केली आणि घडी घालून तो खिशात ठेवला. एरवी साडूंचा आवाज एका पट्टीत चालतो, लग्नात तोच आणि मयताला तोच. पण 'आळ' हा शब्द म्हणताना तो खाली येतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. का येतो, ते मला माझ्या मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं.

तीसेक वर्षं झाली असतील. शाहूवाडीकडच्या डोंगरात एक गाव आहे. नाव घेत नाही. तिथं हौसाबाई नावाची एक विधवा बाई दोन म्हशींवर घर चालवत होती. गावच्या हायस्कुलाला नव्या खोल्या झाल्या म्हणून गावजेवण झालं, जिलेबी आणि मठ्ठा. मठ्ठा हौसाबाईंनी केलेला. संध्याकाळी गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. साडू तेव्हा नोकरीत नवे होते. ते गावात शिरले तेव्हा वेशीवरच चार वजनदार माणसांनी त्यांना सांगून टाकलं, 'साहेब, मठ्ठा बाधलाय.' मग साडूंनी घरोघर जाऊन प्रत्येक आजारी माणसाला एवढंच विचारलं, 'मठ्ठा प्याला होता का?' आणि प्रत्येक जण 'व्हय' म्हणाला. जिलेबीवर मठ्ठा कोण सोडतो? साडूंनी अहवाल लिहिला, 'मठ्ठ्यातून बाधा.' देवाच्या कृपेनं कुणी दगावलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून संकलन केंद्रावर हौसाबाईंचं दूध घेईनात. त्यांच्या घरात पाण्याचा तांब्या पुढं केला तर माणसं 'आत्ताच प्यालो' म्हणू लागली. वर्षभरात म्हशी विकल्या गेल्या आणि बाई गाव सोडून लेकीकडं गेल्या.

पुढं कधीतरी एका प्रशिक्षणात कुणा डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर दोन रकाने काढले, एक आजारी पडलेल्यांचा आणि एक न पडलेल्यांचा. म्हणाल्या, दोघांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा आणि मग काय निराळं दिसतं ते बघा. मेव्हणी सांगते, त्या दिवशी साडू घरी आले ते जेवलेच नाहीत. जुन्या कागदांचं गाठोडं काढून बसले. चार दिवसांनी रजा टाकली आणि एसटीनं त्या गावाला गेले, आणि आजारी न पडलेल्यांची घरं शोधत फिरले. इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवणार? कुणाला तारीख आठवेना, कुणाला भाजी आठवेना. पण आपल्याकडं एक गोष्ट माणूस मरेपर्यंत विसरत नाही, ती म्हणजे पंगतीत आपल्या शेजारी कोण बसलं होतं आणि आपल्याला बसायला उशीर कुणामुळं झाला. त्यावरून साडूंनी सगळी मांडणी केली. पहिल्या पंगतीतलं एकही माणूस आजारी पडलं नव्हतं, आणि मठ्ठा तर सगळ्यांना एकाच पातेल्यातला वाढलेला. दुसऱ्या पंगतीतले मात्र मठ्ठा न प्यालेलेसुद्धा आडवे झाले होते. दोन पंगतींच्या मधे टाकीतलं पाणी संपलं होतं आणि कुणीतरी ओढ्यावरनं बॅरल भरून आणलं होतं. ज्यानं आणलं तो माणूसही साडूंना भेटला. 'तवा इचारलं असतंसा तर सांगितलं असतं की,' तो म्हणाला.

तेव्हापासून साडूंनी तो फॉर्म मनावर घेतला. आमच्याकडं जितके तालुके तितके फॉर्म होते. कुठं नुसतंच 'काय खाल्ले', कुठं 'शिळे अन्न खाल्ले का', आणि त्याला 'व्हय' म्हणणारी बाई आजवर जन्मलेली नाही. साडूंचं म्हणणं, सगळीकडं एकच फॉर्म पाहिजे, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेलं उत्तर माणसाच्या तोंडात घालणारा नको. मग ते माझ्या दुकानात स्टूल ओढून बसायचे. एका रविवारी आमची दुपार फक्त जुलाबाच्या प्रश्नात गेली. शाहूवाडीला एक शब्द चालतो, शिरोळकडं दुसरा, खाली सीमेकडं कानडी मिसळलेला तिसराच, आणि बायका यातला एकही शब्द परक्या पुरुषापुढं उच्चारत नाहीत. शेवटी 'काल उजाडल्यापासून किती वेळा जावं लागलं?' असं ठरलं. दुकानात झेरॉक्सला आलेल्या एका मास्तरांनी ते वाचलं आणि 'कुठं?' असं विचारलं. साडूंनी ते खोडलं आणि मी पुन्हा टाईप केलं.

दुसरी अडचण अशी की आपल्या लोकांना जेवणच तेवढं खाणं वाटतं. चहा, ताक, उसाचा रस, बर्फाचा गोळा, देवळातला प्रसाद, रानात तोंडात टाकलेली काकडी हे कुणी धरतच नाही. 'सकाळपास्नं कायबी न्हाय खाल्लं' असं शपथेवर सांगणाऱ्या माणसाच्या पोटात सात जिन्नस सापडतात. म्हणून साडूंनी 'तोंडात काय काय गेलं?' असा प्रश्न घातला. वरून शेरा आला, 'भाषा कार्यालयीन नाही.' मग प्रत्येक गोष्ट नावानिशी विचारायची ठरली, आणि एका पानाच्या फॉर्माची चार पानं झाली. तो लोकांना समजतो का हे बघायला ते स्टँडवर, बाजारात, दवाखान्याच्या ओट्यावर, दिसेल त्याला गाठून प्रश्न विचारायचे. जयसिंगपूरच्या स्टँडवर एका भाजीवाल्या आक्कांनी त्यांना सगळी उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, 'पावणं, आता तुमी सांगा. तुमाला घरात जेवाय घालत्यात न्हवं?' साडूंनी तेही इमानदारीत लिहून आणलं होतं. मी वैतागायचो, तोंडावर बोलायचो. 'भाऊ, मी काय तुमच्या खात्याचा पगारी आहे?' ते चष्मा पुसत म्हणायचे, 'एवढं एकदाच.' एक मात्र मला कधी कळत नव्हतं. त्यांच्या ऑफिसशेजारी टायपिंगची पाच दुकानं आहेत, तरी ते एवढ्या लांब कळंब्याला का येतात? मला वाटायचं, फुकटात होतंय म्हणून.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना जिल्ह्याचा एकच फॉर्म ठरवायला बैठक बसली. मी टाईप केलेला मसुदा पुढं होता. बाकीचं बहुतेक सगळं मान्य झालं आणि गाडी अडली ती एका प्रश्नावर : 'कितव्या पंगतीला बसला होता?' एक तरुण साहेब म्हणाले, असला प्रश्न कुठल्याच नमुन्यात नाही, काढून टाका. साडू उठून उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्याला बोलतं करणारा हा माणूस स्वतः बैठकीत कधी चार वाक्यं बोलला नव्हता. त्या दिवशी त्यांनी शाहूवाडीच्या डोंगरातली सगळी हकिकत सांगितली, आणि तो अहवाल आपल्याच हातचा होता, हेही सांगितलं. अध्यक्षस्थानी असलेल्या मॅडमनी प्रश्न ठेवायला सांगितला. मग त्यांनी विचारलं, 'त्या बाईंना हे कळवलंत का?' 'नाही,' साडू म्हणाले, आणि त्यांनी कागद गोळा केले.

तिथून ते थेट माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, 'एक पत्र टाईप करायचं. एकच पान.' मी टाईप करू लागलो. अमुक गावी झालेल्या बाधेचं कारण मठ्ठा नसून बॅरलमधलं पाणी होतं, श्रीमती हौसाबाईंचा त्यात काही दोष नव्हता, चौकशी करणाऱ्यानं प्रश्न चुकीचे विचारले आणि ती चूक माझी आहे. खाली त्यांचं नाव. खात्यात विचारून बघितलं होतं म्हणे. ती जुनी फाईल सापडत नाही, त्यामुळं दुरुस्ती कशात करायची हेच कुणाला ठाऊक नाही. 'मग हे पाठवणार कुठं?' मी विचारलं. त्यांनी रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. 'त्या दुसऱ्या गल्लीत. हौसाबाईंच्या लेकीचं घर हाय तिथं.' इतकी वर्षं हा माणूस माझ्या दुकानात येत होता, त्या गल्लीच्या तोंडाशी जात होता आणि परत फिरत होता. आणि मी त्यांना फुकट्या समजत होतो. मला माझीच लाज वाटली. मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघालो.

हौसाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुकलेली, ताठ बसणारी बाई. साडू उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. 'मी... तुमच्या गावात तेव्हा फॉर्म घेऊन आलो होतो,' ते म्हणाले. 'वळीखलं की,' बाई म्हणाल्या. 'मिशा काढलासा.' साडूंनी उभ्यानंच पत्र वाचलं. बाई तांदळातून खडे काढत ऐकत होत्या. वाचून संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, 'झालं?' 'झालं.' 'मग हे मला कशाला वाचून दावताय? मठ्ठा कसा हुता ते मला ठाऊकच हाय. गावात वाचा.' त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर आम्हा दोघांना बरं वाटलं असतं.

रविवारी पहाटे आम्ही माझ्या गाडीनं निघालो. साडू पुढं, हौसाबाई आणि त्यांची लेक मागं. बाई कडक इस्त्रीचं लुगडं नेसल्या होत्या. डोंगर लागले, भाताची खाचरं लागली. दूध घालायच्या वेळेला आम्ही संकलन केंद्रावर पोचलो. किटल्या घेऊन माणसं ओळीनं उभी होती. साडूंनी केंद्राच्या सचिवाची परवानगी घेतली, पायरीवर चढले आणि वाचायला लागले. त्याच त्यांच्या एका पट्टीतल्या आवाजात. 'ती चूक माझी आहे' या वाक्यावर आवाज फुटला. ते थांबले, आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

ओळीतली निम्मी माणसं तेव्हा पाळण्यात होती, नाहीतर जन्मलीही नव्हती. 'कोन बाई म्हनं?' एका तरुणानं शेजाऱ्याला विचारलं, आणि शेजाऱ्यानं खांदे उडवले. ज्यांनी आळ घेतला ती वेशीवरची माणसं कधीच वर गेली होती, आणि बाईंचं नाव साफ होत होतं, पण ते नावही ठाऊक नसलेल्या लोकांपुढं. मग एक म्हातारबा पुढं आले. 'मी हुतो दुसऱ्या पंगतीला. आठ दिस हातरुणात हुतो. वड्याचंच पानी हुतं ते,' ते म्हणाले. सचिवानं कागद मागून घेतला आणि दराच्या फळ्याशेजारी चिकटवला.

तेवढ्यात ओळीच्या मधून हौसाबाईंच्याच वयाची एक बाई किटली घेऊन बाहेर आली. जुनी शेजारीण. हिनंच पहिल्यांदा त्यांच्या घरचं पाणी नाकारलं होतं, असं लेकीनं मला नंतर सांगितलं. ती समोर येऊन उभी राहिली. 'हौसाक्का, घरला चल. च्या घे,' ती म्हणाली. हौसाबाई म्हणाल्या, 'येते. पर च्या मी करनार.' शेजारणीनं केंद्राकडं एकदा बघितलं, आणि न घातलेल्या दुधाची ती किटली त्यांच्या हातात दिली.

आम्ही शेजारणीच्या सोप्यात, पुढच्या खोलीत बसलो. आत भांड्यांचा आवाज येत होता, दोन म्हाताऱ्या अधूनमधून काही बोलत होत्या, पण बाहेर ऐकू येत नव्हतं. दारात आठ-दहा माणसं जमली होती. हौसाबाईंनी चहा बाहेर आणला. पहिला कप त्यांनी शेजारणीला दिला आणि ती पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग म्हातारबांना दिला, मग दारातल्या सगळ्यांना, बश्या कमी पडल्या तेव्हा पेल्यातून. सगळ्यांनी घेतला. साडूंची पाळी शेवटी आली. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, खाली मान घालून सावकाश संपवला, आणि चष्म्याआडून डोळे पुसले. मग माझ्या थोरल्या साडूंनी बाईंकडं बघून अगदी हळू विचारलं, 'आक्का, आणखी अर्धा कप मिळंल का?'